चकती एकही नाही, सिलिंडर मात्र १०२४

बंद पडलेली हार्ड डिस्क पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की सकाळी ती चालू होते, असा सल्ला आजही व्हॉट्सॲपवर फिरतो, आणि गिरगावातील माझ्या एका स्नेह्यांनी गेल्या पावसाळ्यात तो आपल्या जुन्या, ४८६ प्रोसेसरच्या संगणकाच्या डिस्कवर अमलात आणला. हार्ड डिस्कच्या आत निर्वात पोकळी नसते. आतबाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून तिच्या आवरणाला गाळणी लावलेले बारीक छिद्र ठेवलेले असते. मुंबईच्या जुलैतील हवेत अशी थंडगार डिस्क बाहेर काढली की आतल्या चकत्यांवर दव धरण्याची भीती असते, आणि चकतीपासून एक मायक्रोमीटरहूनही कमी अंतरावर तरंगणाऱ्या, वाचन-लेखन करणाऱ्या हेडच्या वाटेत दवाचा थेंब म्हणजे धोंडाच. ही दुरुस्ती नव्हे, दृष्ट काढण्याचाच प्रकार आहे.

तीस वर्षांपूर्वीच्या डिस्कची मोटर झिजते, वंगण घट्ट होते, हेड चकतीला चिकटून बसते. त्यावर घरगुती इलाज नाही. मात्र तिच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश नावाचे मेमरी कार्ड बसवता येते. सॅनडिस्कने हे कार्ड १९९४ साली आणले, आणि त्याला ५० पिनांची जागा असली तरी संगणकाच्या ४० पिनांच्या आयडीई केबलला, म्हणजे हार्ड डिस्क जोडण्याच्या केबलला, ते जोडणारा ॲडॉप्टर जवळजवळ नुसत्या तारांचाच असतो. मुंबईतील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, तो मागितला की दुकानदार आधी आपल्याकडे निरखून पाहतो, हे खरे. एसडी कार्डाला मध्ये दुभाषी चिप लागते. कॉम्पॅक्टफ्लॅशला ती लागत नाही, कारण वीज मिळते त्या क्षणी नववी पिन जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, जोडलेली आढळली की हे कार्ड स्वतःच हार्ड डिस्कची भाषा बोलू लागते.

या भाषेतील पत्त्याची रचना मला विशेष प्रिय आहे. जुना संगणक प्रत्येक ५१२ बाइटच्या तुकड्याला, म्हणजे सेक्टरला, सिलिंडर (चकत्यांवरचे कितवे वर्तुळ), हेड (कितवा पृष्ठभाग) आणि सेक्टर (वर्तुळातला कितवा तुकडा) अशा तीन आकड्यांनी ओळखतो. चाळ, मजला आणि खोली म्हणावे तसे. बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, अर्जात सिलिंडरसाठी १० बिट, हेडसाठी ८ आणि सेक्टरसाठी ६ बिटांची जागा असते. डिस्कच्या अर्जात तीच जागा अनुक्रमे १६, ४ आणि ८ बिटांची. दोन्ही अर्जांत मावेल एवढेच चालणार असल्याने प्रत्येक रकान्यातील लहान आकडा धरावा लागतो: १० बिटांचे १०२४ सिलिंडर, ४ बिटांचे १६ हेड आणि ६ बिटांचे ६३ सेक्टर, कारण सेक्टरची मोजणी शून्याऐवजी एकपासून होते. गुणाकार केला की ५२,८४,८२,३०४ बाइट, म्हणजे ५०४ मेगाबाइट, येतात. म्हणूनच त्या काळच्या अनेक बायोसना २ गिगाबाइटचे कार्डही ५०४ मेगाबाइटपुरतेच वापरता येते, आणि काही बायोस तर मोठे कार्ड पाहून जागीच थबकतात.

कार्डात ना चकती असते ना हेड, तरी संगणकाने ओळख विचारली की ते आपले सिलिंडर आणि हेड बिनदिक्कत सांगते. ही लबाडी कार्डाने सुरू केलेली नाही. बाहेरच्या मोठ्या वर्तुळांवर जास्त आणि आतल्या लहान वर्तुळांवर कमी सेक्टर बसवणाऱ्या आयडीई डिस्कही संगणकाला प्रत्येक वर्तुळावर सारखेच सेक्टर असल्याचे सांगत, आणि खरा हिशेब आपल्या सर्किटपाशी ठेवत. चाळ पाडून टॉवर उभा राहिल्यावरही जुन्या खोली क्रमांकाने आलेले पत्र वॉचमन योग्य घरी पोहोचवतो. कार्डातील कंट्रोलर चिपचे काम तेच.

त्याला आणखी एक काम असते. फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी अनेक सेक्टरांचा अख्खा गट पुसावा लागतो, आणि प्रत्येक वेळी पुसताना, इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणारा काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर थोडा खराब होतो. मेमरीच्या एकेका घरात (सेलमध्ये) एकच बिट ठेवणारी जुनी फ्लॅश साधारण १ लाख वेळा पुसणे सोसते, तीन बिट ठेवणारी सुमारे हजार वेळा. त्यामुळे कंट्रोलर नवा मजकूर मोकळ्या जागी लिहून नकाशात फक्त पत्ता बदलतो. डॉससारखी जुनी ऑपरेटिंग प्रणाली इतके कमी लिहिते की झीज जाणवत नाही. मात्र कमी रॅमवर विंडोज ९५ चालवले तर स्वॅप फाइलमध्ये, म्हणजे रॅममध्ये न मावणारे ठेवण्याच्या फाइलमध्ये, लिहिणे सतत चालू राहते, म्हणून तिथे आधी रॅम वाढवावी.

स्नेह्यांच्या ४८६ मध्ये मी बायोसला १०२४, १६ आणि ६३ हे तीन आकडे हाताने दिले, डॉसच्या फ्लॉपीवरून कार्डावर विभाग पाडला आणि यंत्र चालू झाले. फ्रीजरमधील डिस्कवरचे जुने हिशेब मात्र गेले ते गेलेच. आता स्नेही महिन्यातून एकदा कार्ड काढून आपल्या लॅपटॉपच्या कार्ड रीडरमध्ये घालतात आणि त्याची पूर्ण प्रत काही मिनिटांत उतरवून घेतात.