फायटरच्या अंगावरची गाठ: आधी वेग बघा, मग औषध

फायटर माशाच्या, म्हणजे बेट्टाच्या, परावर किंवा कल्ल्याजवळ एखादी पांढरट गाठ दिसली की पाळणाऱ्याच्या तोंडी पहिला प्रश्न येतो: कोणतं औषध टाकू? माझ्या मते हा प्रश्न दोन-तीन दिवस लवकर विचारला जातो. माशाच्या अंगावर उठणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी पहिल्या दिवशी सारख्याच दिसतात. त्यांचा फरक कळतो तो वाढण्याच्या वेगावरून. म्हणून रोज एकाच बाजूने, एकाच उजेडात फोटो काढून ठेवा.

मुळात ती गाठ आहे ना, हेही पाहा. नर चिडला की कल्ल्यांची झाकणं फुलवतो आणि खालची गडद, पातळ त्वचा बाहेर येते. काही नरांमध्ये ती एरवीही डोकावते. मादीच्या पोटाखालचा पांढरा ठिपका म्हणजे अंडी बाहेर पडण्याची नळी. दोन्ही अगदी नैसर्गिक.

एका-दोन दिवसांत पसरणारा करडा-पांढरा थर, विशेषतः तोंडाभोवती किंवा पाठीवर, दिसला तर मात्र वाट बघू नये. हे बहुधा फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नारे या जिवाणूचं काम असतं. तो तंतुमय दिसतो, म्हणून लोक बुरशीचं औषध टाकतात, वर हीटरही वाढवतात. बुरशीच्या औषधावर विसंबून राहण्यात दिवस जातात आणि उबदार पाण्यात हा जिवाणू आणखी जोमाने पसरतो. ठिपके मोठे न होता नुसते संख्येने वाढत असतील तर तो ‘इक’ हा परजीवी. तो त्वचेखाली असेतोवर औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पाण्यात मोकळा पोहतो तेव्हाच मरतो. ठिपके गेले म्हणून औषध लगेच थांबवलं, तर तो परत येतो तो यामुळेच.

आठवड्यांच्या हिशेबाने वाढणारी गाठ वेगळीच. परांच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी खडबडीत गाठ आली असेल आणि मासा खातपीत, हुंदडत असेल, तर लिम्फोसिस्टिसची शक्यता मोठी. या विषाणूची करामत पाहण्यासारखी आहे. तो त्वचेखालच्या संयोजी ऊतीच्या पेशीत शिरतो, तिचं विभाजन थांबवतो आणि तिला नुसती फुगवत नेतो. एरवी सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारी पेशी एक मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणजे गाठीवरचा एकेक कण ही जवळजवळ एकेक पेशीच. त्यावर औषध नाही आणि सहसा लागतही नाही. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गाठी आपोआप झडतात. झडताना विषाणू पाण्यात सुटतो, म्हणून तेवढे दिवस मासा एकटा ठेवावा.

महिनोन् महिने सावकाश वाढणारी, घट्ट गाठ ट्यूमरची असू शकते. माशांना कर्करोग होतो हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. पण 1920 च्या दशकातच प्लॅटी आणि स्वोर्डटेल या दोन माशांच्या संकरातून झालेल्या पिल्लांमध्ये रंगपेशींचा कर्करोग नोंदवला गेला होता. प्लॅटीच्या अंगावर निरुपद्रवी काळे ठिपके देणारा जनुक संकरात मोकाट सुटतो, कारण त्याला आवरणारा दुसरा जनुक पुढच्या पिढ्यांत गळून जातो.

गाठ ब्लेडने कापण्याचा मोह होतो. कृपया नको. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असतं, त्यामुळे पाणी सतत शरीरात शिरत असतं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकत राहतं. हा ओघ रोखायला खवल्यांवर जिवंत पेशींचा नाजूक थर आणि चिकट स्राव असतो. तो फाटला की पाण्याचा लोंढा वाढतो, जिवाणूंनाही वाट मिळते. भूल देऊन माशांवर शस्त्रक्रिया करणारे पशुवैद्य आहेत. ते काम त्यांचंच.

गाठीसोबत मासा रोडावत असेल, जखमा भरत नसतील, तर टाकीत उघड्या हाताने जाऊ नका. मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा क्षयाच्या जिवाणूचा भाऊबंद 1926 मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांमध्ये सापडला. तो हातावरच्या खरचटलेल्या जागेतून माणसालाही लागतो. त्याला साधारण 30 अंश तापमान मानवतं, म्हणून माणसात तो सहसा बोटांच्या आणि कोपराच्या थंड त्वचेवरच राहतो. हातमोजे घाला. बोटावरची गाठ बरी होत नसेल तर डॉक्टरांना टाकीबद्दल आवर्जून सांगा, नाहीतर निदानाला महिने लागू शकतात.

वाट बघायची म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, तापमान 25 ते 27 अंश, थोडंथोडं पाणी नियमित बदलणं आणि पर फाटतील अशी टोकदार सजावट काढून टाकणं, एवढ्याने माशाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला बळ मिळतं. अंदाजाने टाकलेलं प्रतिजैविक मात्र फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणूही मारू शकतं. फायटर पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो, त्यामुळे गाठ जड होऊन वर येणं कठीण झालं तर पाण्याची पातळी कमी करा. गाठीने तोंड किंवा कल्ले अडले, खाणंच बंद झालं, तर पशुवैद्याकडून भुलीच्या जादा मात्रेने त्याला सुखाचं मरण देता येतं.