धुऱ्यावर पाय कुठे टाकायचा, हे डोळे आधीच ठरवतात

रात्रीच्या ओलिताला निघालेला माणूस बॅटरीचा उजेड नेमका पायाशी पाडतो आणि तरीही तुरीच्या फसकटाला ठेचकाळतो. पाऊल उचलेपर्यंत त्याची जागा बहुतेक ठरून गेलेली असते. त्यानंतर दिसलेले फसकट चुकवायला फारसा वेळ उरत नाही.

डोळ्यांचे हे काम ध्यानात यायला बराच काळ गेला. 1840च्या दशकात मोरित्झ रोंबर्ग या जर्मन वैद्याने पायांची जाणीव गेलेले रोगी पाहिले. डोळे उघडे असेपर्यंत ते उभे राहत, मिटले की झोकांड्या जात. म्हणजे तोल धरायलाही डोळे मदत करतात. 1974 मध्ये डेव्हिड ली आणि एरिक अॅरन्सन यांनी नुकत्या चालू लागलेल्या मुलांना सरकत्या भिंतींच्या खोलीत उभे केले. जमीन स्थिर होती. पण भिंत जवळ आली की आपणच पुढे झुकलो असे वाटून मुले मागे पडत.

दिशेचा उलगडा मात्र विमानांमुळे झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वैमानिकांवर काम केलेल्या जेम्स गिब्सन यांनी 1950 मध्ये मांडले, की उतरताना सगळी जमीन एका बिंदूपासून चहूकडे पसरत येते, आणि आपण जातो तो तोच बिंदू. पांदण रस्त्यावर दोन्ही बाजूंची पऱ्हाटी मागे सरकते तेही हेच. दृश्याच्या या सरकण्याला दृष्टिप्रवाह म्हणतात. पण 1998 मध्ये सायमन रश्टन आणि सहकाऱ्यांनी लोकांना लोलकाचे, म्हणजे समोरचे सगळे बाजूला सरकवून दाखवणारे चष्मे घालून एका लक्ष्याकडे चालवले, तर ते वाकड्या वाटेने गेले. नुसत्या प्रवाहावर चालले असते तर सरळ गेले असते; म्हणजे ते लक्ष्य दिसे तिकडेच जात होते. अंधारात तर हा प्रवाह दिसतच नाही, तेव्हा दूरचा मोटारघराचा दिवाच धरून चालावे लागते.

आता पायांकडे. कॅनडातील आफ्ताब पटला आणि जोन विकर्स यांनी नजर टिपून दाखवले, की ठरलेल्या जागांवर पाय टाकत चालणारा साधारण दोन पावले पुढे बघतो. पाऊल 60 ते 70 सेंमीचे धरा. उजेड 120 ते 140 सेंमी पुढे हवा. कपाळावरच्या बॅटरीची अडचण वेगळी: उजेड डोळ्याच्याच रेषेत असल्याने सावल्या दिसत नाहीत आणि काळ्या मातीतली भेग सपाट वाटते. बॅटरी कमरेशी धरली की भेगेची कड उठून दिसते. दुहेरी काचेचा चष्मा तर धुऱ्यावर नकोच. खालची काच वाचण्याच्या अंतराची, त्यामुळे नेमकी पुढच्या दोन पावलांची जमीन धूसर.