ग्रब अडलं की इनिटरॅमएफएस? कर्नल बदलल्यावर लिनक्स सुरू होईना तेव्हा

कर्नल, म्हणजे लिनक्सचा मुख्य प्रोग्राम, अपडेट झाला, मशीन रीस्टार्ट केलं आणि डेस्कटॉपऐवजी काळ्या पडद्यावर नुसता प्रॉम्प्ट आला. अशा वेळी बरेच जण लाइव्ह पेनड्राइव्ह तयार करतात आणि थेट ‘ग्रब-इन्स्टॉल’ चालवतात, म्हणजे ग्रब हा कर्नलला सुरू करून देणारा प्रोग्राम नव्याने बसवतात. कर्नल बदलल्यानंतरच्या बिघाडांत हा उपाय पुष्कळदा आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा ठरतो. ग्रब ठणठणीत असतं, अडलेलं असतं ते त्याच्या पुढचं इनिटरॅमएफएस, म्हणजे कर्नलला सुरुवातीला लागणाऱ्या सामानाची फाइल. त्यात चुकीच्या डिस्कवर ग्रब बसवलं गेलं तर एका बिघाडाचे दोन होतात.

गल्लत होते ती वरवरच्या सारखेपणामुळे. दोन्हीकडे काळा पडदा, दोन्हीकडे कमांडची वाट पाहणारा प्रॉम्प्ट. कामं मात्र पूर्ण वेगळी. मशीन चालू झाल्यावर फर्मवेअर (मदरबोर्डवरचा प्रोग्राम) ग्रबला उठवतं. ग्रब स्वतःची कॉन्फिग फाइल वाचून मेन्यू दाखवतं, निवडलेला कर्नल आणि त्याच्या जोडीची इनिटरॅमएफएस फाइल रॅममध्ये चढवतं आणि कर्नलच्या हाती सूत्रं देऊन मोकळं होतं. तिथे त्याचा संबंध संपला. मग कर्नल ती फाइल रॅममध्येच उलगडतो. तिच्यात डिस्कचे ड्रायव्हर, फाइलसिस्टिमची मॉड्यूल्स, एन्क्रिप्शन असेल तर पासवर्ड विचारणारी सोय, एवढं मोजकं सामान असतं. त्याच्या आधाराने खरी रूट फाइलसिस्टिम (जिच्यावर लिनक्स बसवलंय ती) शोधून माउंट केली, म्हणजे जोडली जाते आणि तिथून पुढे बाकीच्या सेवा सुरू करणारं सिस्टिमडी काम हाती घेतं.

म्हणून पहिला प्रश्न एकच: पडद्यावर बोलतंय कोण? ‘ग्रब रेस्क्यू’ असा प्रॉम्प्ट असेल तर ग्रबला स्वतःची मॉड्यूल्सच सापडलेली नाहीत. नुसता ‘ग्रब’ प्रॉम्प्ट असेल तर मॉड्यूल्स मिळाली, पण बहुधा कॉन्फिग फाइल मिळाली नाही. दोन्ही वेळा कर्नल अजून सुरूच झालेला नाही. याउलट कंसात ‘इनिटरॅमएफएस’ लिहिलेला प्रॉम्प्ट, फेडोरा या लिनक्स वितरणाचा (डिस्ट्रोचा) ‘ड्रॅकट’ प्रॉम्प्ट किंवा आर्च या वितरणाचा ‘रूटएफएस’ प्रॉम्प्ट दिसला, तर ग्रबने काम चोख केलेलं आहे. कर्नल चालू आहे, फक्त रूट सापडत नाहीये. ‘कर्नल पॅनिक’ आणि सोबत ‘अननोन-ब्लॉक’ असा संदेश आला तरी ग्रबला दोष देऊ नका. त्या संदेशामागे बहुतेकदा इनिटरॅमएफएस गायब असणं किंवा अर्धवट असणं हेच कारण असतं.

ग्रब खरोखर तुटतं तेव्हा काय होतं, याचं चांगलं उदाहरण जुलै २०२० मधलं आहे. ‘बूटहोल’ नावाची ग्रबमधली त्रुटी जाहीर झाली आणि वितरणांनी घाईने दुरुस्तीची अपडेट्स सोडली. त्यानंतर डेबियन आणि उबंटूची कित्येक मशीन्स ‘ग्रब_कॅलॉक’ हे सिम्बॉल (फंक्शनचं नाव) सापडत नाही म्हणत रेस्क्यूत जाऊन पडली. बायॉस या जुन्या फर्मवेअर पद्धतीत ग्रबचे दोन भाग असतात: डिस्कच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेत बसवलेला गाभा आणि बूट फोल्डरमधली मॉड्यूल्स. अपडेटने मॉड्यूल्स नवी आणली, पण गाभा ज्या डिस्कवर लिहायचा तिची पॅकेजकडची नोंद काही मशीन्सवर जुनी किंवा चुकीची होती. नवी मॉड्यूल्स जुन्या गाभ्याकडे असं काही मागू लागली जे त्याच्याकडे नव्हतंच. इथे ‘ग्रब-इन्स्टॉल’ हाच योग्य उपाय होता, तोही पार्टिशनवर नाही तर अख्ख्या डिस्कवर. शिवाय ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी’ चालवून डिस्कची नोंद सुधारायला हवी, नाहीतर पुढच्या अपडेटला तीच गत. ऑगस्ट २०२२ मध्ये आर्चवर साधारण असाच विसंवाद झाला होता: कॉन्फिग नव्या ग्रबच्या हिशेबाने तयार झाली, बसवलेलं ग्रब मात्र जुनंच.

दोन्ही प्रसंगांत बदललं होतं ग्रबचं पॅकेज, कर्नल नव्हे. नुसता कर्नल बदलतो तेव्हा बूट फोल्डरमध्ये नवी कर्नल फाइल येते, तिच्यासाठी नवं इनिटरॅमएफएस बांधलं जातं आणि मेन्यू नव्याने लिहिला जातो. या तिन्हींत सगळ्यात नाजूक काम मधलं. एन्क्रिप्टेड डिस्कवर उबंटू बसवलं की बूट हे वेगळं, छोटं पार्टिशन होतं. जुने कर्नल साठत जातात आणि एक दिवस नवं इनिटरॅमएफएस लिहिता लिहिता जागा संपते. अपडेटच्या लांबलचक आउटपुटमध्ये ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ ही ओळ येऊन जाते, पण ती वाचतं कोण! बाहेरून घेतलेल्या ग्राफिक्स किंवा वाय-फाय ड्रायव्हरचं डीकेएमएस बांधकाम (प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधणं) नव्या कर्नलवर फसलं, तरी कर्नल पॅकेजचं कॉन्फिगरेशन अर्ध्यात थांबू शकतं. इनिटरॅमएफएस नसताना मेन्यू लिहिला गेला तर त्या नोंदीत ‘इनिटआरडी’ची, म्हणजे इनिटरॅमएफएस चढवायला सांगणारी ओळच येत नाही. ग्रब सांगितल्याप्रमाणे एकटा कर्नल चढवतं आणि कर्नल पॅनिक होतो.

इनिटरॅमएफएसच्या प्रॉम्प्टवर पोहोचलात तर घाईने रीस्टार्ट करू नका, तिथे खूप काही कळतं. (कमांड इथे देवनागरीत आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.) ‘कॅट’ने प्रॉक फोल्डरमधली ‘सीएमडीलाइन’ फाइल वाचा, म्हणजे कर्नल कुठल्या यूयूआयडीची (पार्टिशनच्या ओळख-क्रमांकाची) रूट शोधतोय ते दिसेल. मग ‘बीएलकेआयडी’ चालवा, ते दिसणाऱ्या पार्टिशन्सचे यूयूआयडी सांगतं. डिस्क दिसते पण यूयूआयडी वेगळा, तर पार्टिशन नव्याने फॉरमॅट झालं असेल किंवा कॉन्फिगमध्ये जुना आकडा राहिला असेल. डिस्कच दिसत नसेल, तर तिचा ड्रायव्हर या इनिटरॅमएफएसमध्ये नाही. डेबियन परिवारात ‘मॉड्यूल्स’ची सेटिंग ‘डेप’ ठेवली की फक्त त्या मशीनला लागणारे ड्रायव्हर भरले जातात. तीच एसएसडी दुसऱ्या मशीनला जोडली की नेमकं हेच होतं, म्हणून ‘मोस्ट’ (बहुतेक सगळे ड्रायव्हर) ठेवलेलं बरं. आणि ‘एफएससीके (फाइलसिस्टिम तपासणारी कमांड) हाताने चालवा’ असा संदेश असेल तर प्रकरण तिसरंच: फाइलसिस्टिम दुरुस्त करायची, ‘एक्झिट’ म्हणायचं, बस्स.

एक संदेश या दोघांच्या मधोमध पडतो. मेन्यू नीट येतो, नोंद निवडली की ‘फाइल नॉट फाउंड’ आणि ‘यू नीड टू लोड द कर्नल फर्स्ट’. बोलतंय ग्रबच, पण तेही निरोगी आहे. मेन्यूतल्या कर्नलची फाइल कुणीतरी हाताने उडवली आहे, एवढंच. इथे ‘अपडेट-ग्रब’ पुरतं. ‘अपडेट-ग्रब’ मेन्यू लिहितं आणि ‘ग्रब-इन्स्टॉल’ ग्रब स्वतः बसवतं, हा फरक मनात पक्का ठेवा. ‘बॅड शिम सिग्नेचर’ आलं तर स्वतः बांधलेला, सही नसलेला कर्नल सिक्युअर बूटने (डिजिटल सही तपासणाऱ्या फर्मवेअरच्या सोयीने) अडवला आहे. तिथे यातली कुठलीच कमांड कामाची नाही. कर्नलवर सही करायची, नाहीतर सिक्युअर बूट बंद करायचं.

आता दुरुस्ती. मेन्यू उघडत असेल तर पेनड्राइव्ह शोधण्याआधी जुना कर्नल निवडा. उबंटूत मेन्यू लपलेला असेल तर बायॉस मशीनवर शिफ्ट दाबून ठेवा, यूईएफआयवर (नव्या फर्मवेअर पद्धतीवर) एस्केप. ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नल असतो आणि त्याचं इनिटरॅमएफएस शाबूत असेल तर मशीन सरळ उघडतं. मग नको असलेले जुने कर्नल ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ने काढून जागा करा आणि आधी ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’, मग ‘अपडेट-ग्रब’ चालवा. क्रम उलटा केलात तर मेन्यूला नवी फाइल दिसणारच नाही. आर्चवर दुसरा कर्नल आपोआप ठेवला जात नाही, म्हणून ‘लिनक्स-एलटीएस’ (दीर्घकाळ सांभाळला जाणारा कर्नल) आधीपासून शेजारी बसवून ठेवावा, असं मी आवर्जून सांगेन.

जुना कर्नलही चालेना तर मात्र लाइव्ह पेनड्राइव्ह आणि सीएचरूट, म्हणजे पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून डिस्कवरच्या बिघडलेल्या सिस्टिमच्या आत शिरणं. रूट पार्टिशन माउंट करा, त्याच्या आत बूट आणि ईएफआय पार्टिशन, मग डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन ही फोल्डर्स बाइंड करून (आतही दिसतील अशी जोडून) आत शिरा. वेगळं बूट पार्टिशन असताना ते माउंट करायचं विसरलं, तर सगळ्या कमांड बिनतक्रार चालतात आणि फाइली भलत्याच ठिकाणी जाऊन पडतात. आत गेल्यावर इनिटरॅमएफएस बांधायला डेबियन-उबंटूत ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’, फेडोरात ‘ड्रॅकट’ आणि आर्चवर ‘एमकेइनिटसीपीआयओ’. सीएचरूटमध्ये एक खबरदारी: कर्नलची आवृत्ती स्पष्ट सांगा. नाहीतर ‘ड्रॅकट’ पेनड्राइव्हच्याच चालू कर्नलसाठी बांधायला जाईल.

फेडोरा यूईएफआयवर असेल तर ‘ग्रब२-इन्स्टॉल’च्या वाटेला जाऊ नका, कारण त्याने तयार होणाऱ्या फाइलवर वितरणाची सही नसते आणि सिक्युअर बूट ती नाकारतं. तिथे ग्रब खरंच तुटलं असेल तर ‘शिम’ (सिक्युअर बूटमध्ये ग्रबच्या आधी चालणारा, सही असलेला छोटा प्रोग्राम) आणि ‘ग्रब२-ईएफआय’ ही पॅकेजेस ‘डीएनएफ रीइन्स्टॉल’ने पुन्हा बसवायची. बाहेर पडण्याआधी बूट फोल्डरची यादी पाहा: प्रत्येक कर्नल फाइलशेजारी त्याच आवृत्तीची इनिटरॅमएफएस फाइल हवी, आणि तिचा आकार शेजारच्या जुन्या फाइलच्या जवळपास हवा.