'अजून पिकाक नाय'
तळकोकणात कुणा म्हाताऱ्याला मोतीबिंदूचं विचारलं, की आजही ठरलेलं उत्तर येतं: 'अजून पिकाक नाय, पिकलो की बघू.' आंब्याच्या मुलखातली ही भाषा खरी, पण नियम वैद्यकाचाच होता, आणि फार जुना. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने अष्टांगहृदय या ग्रंथात सांगून ठेवलंय, की शलाका, म्हणजे शस्त्रक्रियेची सळई, चालवायची ती 'सुजात', म्हणजे पुरत्या तयार झालेल्या लिंगनाशावर (मोतीबिंदूचं तेव्हाचं नाव).

तेव्हा मोतीबिंदू बाहेर काढत नसत. सुश्रुतसंहितेतल्या वर्णनाप्रमाणे डोळ्याच्या कडेने शलाका घालून गढूळ भिंग नजरेच्या वाटेतून बाजूला सारायचं. नंतर शिंक, खोकला, ढेकर, थुंकणं सगळं वर्ज्य. भिंग काढून टाकण्याची पद्धत फ्रान्सच्या जाक दाव्हिएलने १७४७ मध्ये रूढ करायला सुरुवात केली. त्यातही कच्च्या मोतीबिंदूचा चिकट गर आत राहून डोळा सुजायचा. पिकलेला त्या मानाने सहज सुटून यायचा.

विसाव्या शतकात भिंग आवरणासकट काढू लागले, तरी थांबायचं कारण उरलंच. भिंग गेलेल्या डोळ्याला दहाच्या आसपास नंबरचा जाड चष्मा लागे. त्यातून सगळं पाव पटीहून मोठं आणि जवळ दिसे. आमच्या आजीचं ऑपरेशन थंडीत, भातकापणी उरकल्यावर, शाळेच्या वर्गात भरलेल्या शिबिरात झालं. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. चष्मा आल्यावर ती चहा कपाबाहेर ओतायची आणि साकवावर पाय टाकायला घाबरायची. एवढं सोसायचं, तर आधीची नजर जवळजवळ गेलेलीच बरी, हा डॉक्टरांचा हिशेब तेव्हा चुकीचा नव्हता.

तो हिशेब मोडला इंग्लंडचे नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांनी. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचेसारख्या प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळा त्यांच्यावर फारसा चिडत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्याच प्लास्टिकचं भिंग त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनमध्ये एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. समव्यवसायी कित्येक वर्षं नाकं मुरडत राहिले. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केल्मन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू आतच फोडून शोषून घ्यायची युक्ती काढली. जखम काही मिलिमीटरची, बहुधा टाकाही नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला, पण गावातल्या माणसाला भिंग मिळू लागलं ते नव्वदच्या दशकात. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून भिंगं स्वस्त केली. १९९४-९५ पासून जागतिक बँकेच्या मदतीचा मोतीबिंदू प्रकल्प सात राज्यांत चालला, त्यात महाराष्ट्रही होता. हळूहळू शाळेतली ऑपरेशनं थांबून रुग्णाला इस्पितळात आणणं सुरू झालं.

आणि इथेच जुना नियम उलटा झाला. पिकलेला मोतीबिंदू कडक होतो. तो फोडायला ध्वनिलहरींचा मारा जास्त लागतो आणि बुब्बुळाच्या पारदर्शक पडद्याला इजा होण्याचा धोका वाढतो. अति पिकला तर पाझरून डोळ्यातला दाब वाढवतो. डोळा लाल होऊन ठणकतो.

त्याहून वाईट म्हणजे, धूसर दिसण्याचं कारण मोतीबिंदूच असेल असं नाही. काचबिंदूला आपल्याकडे 'काळा मोतीबिंदू' म्हणतात, आणि या नावाने फार घात केलाय. काचबिंदूत डोळ्यामागची नस सुकते, नजर कडेकडेने आत सरकत जाते, बहुतेकदा दुखतही नाही. गेलेली नजर कुठल्याच ऑपरेशनने परतत नाही. थेंबांनी, लेसरने किंवा शस्त्रक्रियेने उरलेली तेवढी राखायची. मधुमेहाने डोळ्याच्या मागच्या पडद्यावर होणारा रक्तस्रावही वाट बघू देत नाही. भात झोडताना डोळ्यात गेलेलं कुसळही थांबू देत नाही: जखमेत बुरशी शिरते, त्यात दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब घातले की ती फोफावते, आणि बुब्बुळावर कायमचं फूल पडतं.

हल्ली मोतीबिंदूच्या पेशंटला पिकला-न पिकल्याचं कुणी विचारत नाही. तांदळातला खडा दिसतो का, रात्री समोरून येणाऱ्या एसटीच्या दिव्याने डोळे दिपतात का, एसटीची पाटी वाचता येते का, हे विचारतात. आणि ऑपरेशन ठरवण्याआधी डोळ्यातला दाब मोजतात, बाहुली मोठी करून मागची नसही पाहतात.