तिसऱ्या मुलाला कोण मोजणार?

गेल्या उत्तरायणाच्या आसपास आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून चार स्कूटरच्या बॅटऱ्या गेल्या. वॉचमनने बारकाईने लक्ष ठेवलं तेव्हा कळलं, चोर बाहेरचे नव्हते, आपलीच कार्टी होती. आमच्या प्रमुखांनी (बडोद्यात सोसायटीच्या अध्यक्षाला प्रमुखच म्हणतात, मराठी घरांतसुद्धा) पोलिसात न जाता मुलांना आईवडिलांसह बोलावलं. ज्यांच्या बॅटऱ्या गेल्या ते चौघेही आले. एका आजोबांनी, स्कूटर बंद पडल्यामुळे आजींना डायलिसिसला नेताना काय धावपळ झाली ते सांगितलं. एक मुलगा रडला. पैसे भरून द्यायचं ठरलं, चहा झाला, मंडळी घरी गेली.

तेव्हापासून प्रमुख भेटेल त्याला सांगतात, "पोलिसात गेलो असतो तर सहा महिने धक्के खात बसलो असतो. इथं दोन तासांत समाधान! आणि त्या दिवसापासून एक चोरी नाही. शंभर टक्के रिझल्ट."

माझा जन्म दांडिया बाजारातला आणि नोकरी संख्याशास्त्र शिकवण्याची. त्यामुळे मला या वाक्यात दोन गोष्टी टोचल्या. पहिली 'समाधान'. गुजरातीत समाधान म्हणजे तडजोड, मराठीत समाधान म्हणजे मनाची तृप्ती. बडोद्याचा मराठी माणूस हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरतो आणि कोणत्या अर्थाने वापरला हे त्याचं त्यालाच माहीत नसतं. दुसरी 'शंभर टक्के'. तिच्यावर आपण जरा जास्त वेळ घालवू.

प्रमुखांनी नकळत जे केलं त्याला शास्त्रीय नाव आहे, पुनर्स्थापनात्मक न्याय. तोंडात मावत नाही म्हणून मी त्याला 'सांधणारा न्याय' म्हणतो. कायदा कोणता मोडला आणि शिक्षा किती, यापेक्षा इजा कोणाला झाली आणि ती भरून कोण काढणार, असा त्याचा प्रश्न असतो. गुन्हा करणारा, ज्याचं नुकसान झालं तो आणि दोघांची माणसं एका खोलीत बसतात. आधुनिक काळातली याची सुरुवात १९७४ साली कॅनडातल्या ऑन्टॅरियो प्रांतातली मानतात. दारूच्या नशेत २२ ठिकाणी नासधूस करणाऱ्या दोन तरुणांना तिथं दारोदार नेऊन नुकसान झालेल्यांसमोर उभं केलं गेलं. न्यूझीलंडने १९८९ मध्ये अल्पवयीनांसाठी 'कौटुंबिक बैठक' कायद्यातच आणली. आपल्याकडे तर याहूनही आधी, १९४९ पासून, हरिवल्लभ परीख रंगपूरच्या आनंद निकेतन आश्रमात आदिवासींचे तंटे उघड्यावर, गावासमोर सोडवत होते. रंगपूर तेव्हा आपल्याच वडोदरा जिल्ह्यात होतं, २०१३ पासून छोटा उदेपूरमध्ये गेलं. उपेंद्र बक्षींसारख्या कायदेपंडिताने १९७६ मध्ये त्या लोकअदालतीवर अभ्यासलेख लिहिला. तेव्हा कल्पना परदेशी आहे म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. परंपरेतली आहे म्हणून डोळे मिटून आरती करायचंही नाही.

तर, रिझल्ट. मी प्रमुखांना आधी नेहमीचे प्रश्न विचारले. बैठकीनंतर पंधरा दिवसांत पार्किंगमध्ये कॅमेरे बसले, त्याचं काय? दोनपैकी एक मुलगा पुढच्याच महिन्यात मामाकडे सुरतला गेला, त्याचं काय? शिवाय बैठक आपण कधी बोलावतो? चोऱ्यांचा कहर झाल्यावर. कहर झाल्यावर पुढचा महिना असाही थोडा शांतच जातो, जसा कडक उन्हाळ्याच्या सगळ्यात तापलेल्या दिवसानंतरचा दिवस बहुधा थोडा कमीच तापतो. ज्याने त्या दिवशी पन्हं प्यायलं तो म्हणतो पन्ह्याने हवा थंड झाली.

बोलता बोलता ते म्हणाले, "तसं बोलावलं तिघांना होतं."

"मग तिसरा?"

"तो आलाच नाही. बापाने सांगितलं, आमचा मुलगा असं करणार नाही."

"त्यानंतर त्याचं काय झालं?"

"काय माहीत. पण तो बैठकीलाच नव्हता, मग त्याला कशाला मोजायचं?"

या प्रश्नासाठी हा लेख आहे. एक कल्पित हिशोब मांडू, कागद-पेन्सिल घ्या. समजा, अशा १०० मुलांना बैठकीचं बोलावणं गेलं. ६० जण आले, शेवटपर्यंत बसले, ठरल्याप्रमाणे भरपाई केली. त्यांतल्या ९ जणांनी दोन वर्षांत पुन्हा गुन्हा केला, म्हणजे १५ टक्के. उरलेले ४० आले नाहीत किंवा मधेच उठून गेले, त्यांतल्या २० जणांनी पुन्हा गुन्हा केला, म्हणजे ५० टक्के. संस्थेच्या अहवालात मथळा येतो, 'कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांत फक्त १५ टक्के, सोडणाऱ्यांत ५० टक्के!' देणगीदार खूश. आता दुसरी १०० मुलं घ्या, अगदी तशीच, पण त्यांना बोलावणं गेलंच नाही, ती नेहमीच्या कोर्टाच्या वाटेने गेली. समजा, त्यांतल्या ३० जणांनी पुन्हा गुन्हा केला. आता पहिल्या शंभरांची बेरीज करा, ९ अधिक २० म्हणजे २९. एकीकडे २९, दुसरीकडे ३०. बैठकीने काहीही केलेलं नाही!

मग १५ आणि ५० हे अंतर आलं कुठून? ते मुलांनी घरूनच आणलं होतं. ज्याचा बाप हात धरून बैठकीला आणतो, ज्याला शाळा बुडाल्याची लाज वाटते, तो मुलगा बैठक न होताही बहुधा सुधारलाच असता. कोर्टात गेलेल्या शंभरांमध्येही असे साठ आणि तसे चाळीस दडलेले आहेतच. फक्त त्यांना कोणी बोलावलं नाही, म्हणून ते वेगळे दिसत नाहीत. बैठक ही चाळण झाली. चाळणीने तांदूळ पांढरा होत नाही, फक्त खडे बाजूला पडतात.

हे पटायला जड जातं, म्हणून माझं लाडकं उदाहरण सांगतो. ते गुन्ह्यांचं नाही, हृदयविकाराचं आहे. अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांवर क्लोफायब्रेट या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाची चाचणी झाली, तिचं एक विश्लेषण १९८० मध्ये छापून आलं. ज्यांनी गोळ्या नीट, म्हणजे ८० टक्के किंवा जास्त घेतल्या, त्यांतले पाच वर्षांत १५.० टक्के वारले. ज्यांनी टाळाटाळ केली त्यांतले २४.६ टक्के. औषध रामबाणच म्हणायचं! पण दुसऱ्या गटाला नुसत्या खोट्या गोळ्या दिल्या होत्या, औषध नावालाही नाही. त्यांत खोट्या गोळ्या नीट घेणाऱ्यांतले १५.१ टक्के वारले, टाळाटाळ करणाऱ्यांतले जवळजवळ २८ टक्के. म्हणजे ज्या गोळीत काहीच नव्हतं ती नियमाने घेतल्याने मृत्यू निम्म्यावर आले? अर्थात नाही. नियमाने गोळी घेणारा माणूसच वेगळा असतो. पूर्ण गटांची तुलना केली तर औषधवाल्यांत २०.० टक्के मृत्यू आणि खोट्या गोळीवाल्यांत २०.९, जवळपास सारखेच. हे आकडे मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहायचो आणि दरवर्षी कोणीतरी म्हणायचं, सर, उलटं लिहिलंत का?

नवसाचंही असंच. नवस फेडायला देवळात तोच येतो ज्याला तो पावला. न पावलेले घरी बसतात, त्यांची रांग कोणाला दिसत नाही. जागृत देवस्थान आणि 'यशस्वी समुपदेशन केंद्र' यांची कीर्ती बरेचदा एकाच हिशोबाने वाढते.

उपाय साधा आहे, पण लोकांना आवडत नाही. चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याची चिठ्ठी निघाली त्याला बैठक, ज्याची नाही त्याला कोर्ट. आणि शेवटी मोजायचं ते चिठ्ठीप्रमाणे. बैठकीची चिठ्ठी निघूनही जो आला नाही, तो बैठकीच्याच गटात धरायचा, तिसऱ्या मुलासकट. यापुढचा एक परिच्छेद ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी सोडला तरी चालेल.

असं मोजल्यावर परिणाम पातळ होतो, हा आक्षेप खरा आहे. समजा, कोर्टाच्या गटात ३० नव्हे, ३६ जणांनी पुन्हा गुन्हा केला असता. मग २९ विरुद्ध ३६, म्हणजे बोलावलेल्या दर शंभरांमागे ७ गुन्हेगार कमी. पण प्रत्यक्ष बसले ६०च. नुसत्या बोलावण्याने न आलेल्यांच्या वागण्यात काही फरक पडला नाही असं धरलं, तर हे सातही त्या साठांतलेच. सात भागिले साठ, म्हणजे प्रत्यक्ष बसलेल्या शंभरांमागे साधारण १२ कमी. पाणी घातलेलं दूध पुन्हा आटवण्यासारखं आहे हे. मात्र ते गृहीतक मोडलं, समजा बोलावण्याच्या धास्तीनेच काही जण सुधारले, तर १२ हा आकडा फुगवलेला ठरतो. ७ तेवढा ठाम राहतो.

अशा चिठ्ठ्या खरंच टाकल्या गेल्या आहेत. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे १९९५ पासून लॉरेन्स शर्मन आणि हेदर स्ट्रँग यांनी चार प्रयोग एकत्र चालवले. तरुणांच्या मारामाऱ्यांच्या गुन्ह्यांत बैठकीने पुढचे गुन्हे बरेच घटले. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या सुमारे ९०० जणांत काहीच फायदा दिसला नाही. तिथं समोर बसायला जखमी माणूसच नसतो, हे एक कारण असू शकतं. मूळनिवासी तरुणांच्या एका छोट्या गटात तर अटका वाढल्या, म्हणजे चांगल्या हेतूची बैठक अंगलटही येऊ शकते. पुढे २०१३ मध्ये अशा १० चाचण्या, सुमारे १,९०० आरोपी, एकत्र तपासल्या गेल्या. दोन वर्षांत पुन्हा गुन्हे होण्याचं प्रमाण घटतं, पण माफक. चोऱ्यांपेक्षा हिंसक गुन्ह्यांत जास्त, हे बहुतेकांच्या अंदाजाच्या उलट आहे. इंग्लंडमधल्या तीन योजनांचा जोआना शॅपलँड यांनी केलेला अभ्यास १४ टक्के घट दाखवतो. ती 'किती जण पुन्हा दोषी ठरले' यातली नव्हे, 'किती वेळा दोषी ठरले' यातली. बातमीत हा फरक हमखास गळतो.

सॅन फ्रान्सिस्कोत १३ ते १७ वर्षांच्या १४३ मुलांवर अशीच सोडत काढली. सहा महिन्यांत पुन्हा अटक होण्याचं प्रमाण ४४ टक्क्यांनी खाली आलं, आणि हे अर्धवट सोडणाऱ्यांनाही धरून. ४४ हा आकडा ऐकून हुरळू नका. शंभरांत सुमारे ४३ जणांना पुन्हा अटक होत होती ती २४ जणांना झाली, म्हणजे १९चा फरक. तरीही तो मोठाच आहे. पण १४३ मुलं म्हणजे आपल्याकडच्या एका शाळेतली दोन-तीन वर्गांची मुलं.

एक मेख राहते. २०१३ च्या त्या आढाव्यातल्या चाचण्यांत आधी दोन्ही बाजूंची संमती घेतली, मग चिठ्ठी काढली. त्यामुळे तुलना स्वच्छ झाली. पण निष्कर्ष फक्त 'हो' म्हणणाऱ्यांपुरते लागू झाले. ज्याच्या बापाने दारच उघडलं नाही, त्याच्याबद्दल त्या चाचण्याही गप्प आहेत.

आणि समाधान, मराठी अर्थाचं? तिथं पुरावा सगळ्यात भक्कम आहे. इंग्लंडच्या बैठकांत बसलेल्या पीडितांपैकी सुमारे ८५ टक्के समाधानी होते. लंडनमध्ये लुटले गेलेल्या किंवा घरफोडी झालेल्या लोकांत, बैठकीची चिठ्ठी निघालेल्यांना धक्क्यानंतरचा मानसिक त्रास कमी झाला. आमचे आजोबा त्या रात्री किती दिवसांनी शांत झोपले, हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. मुलं सुधारली की नाही हा प्रश्न त्यात येतच नाही. सोसायटीला दोन्ही हवं असतं आणि एकाच शब्दात हवं असतं.

हे सगळं मी प्रमुखांना ओट्यावर बसून सांगितलं. त्यांनी शेंगा सोलत ऐकून घेतलं.

"म्हणजे निम्म्या पोरांना चिठ्ठी टाकून पोलिसात द्यायचं? हा कुठला न्याय?"

मी म्हटलं, काय चांगलं ते माहीत असेल तर चिठ्ठी टाकणं पापच. माहीत नसेल, तर आत्ताही चिठ्ठीच पडते आहे, फक्त ती कोणाचा बाप कोणाला ओळखतो यावर पडते.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं. पण चिठ्ठी काढणार कोण? मीच ना?"

कॅनबेरात हाच प्रश्न आला होता. तिथं पोलिसाने केस बसते का ते आधी सांगायचं आणि संशोधकांना फोन लावायचा. बैठक की कोर्ट, ते पलीकडून सांगितलं जाई. आवडता मुलगा इकडे, नावडता तिकडे, असं करायला त्याच्या हातात काही उरत नसे.

"तुम्ही सोडून कोणीही," मी म्हटलं.