मॉनिटरला काय झेपतं, हे सांगायचं कोणी?

जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली की बऱ्याचदा एकच तक्रार येते: बाकी सगळं झकास, पण अक्षरं फोफशी दिसतात आणि सेटिंग्जमध्ये १०२४ बाय ७६८ ठिपक्यांच्या (पिक्सेलच्या) वर रिझोल्यूशनचा पर्यायच नाही. दुखणं जुनंच आहे.

१९९० च्या दशकात मॉनिटरची कुंडली माणसानेच मांडायची. स्क्रीनवर खिडक्या आणि चित्रं दाखवणारी एक्स विंडो सिस्टिम अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात १९८४ मध्ये सुरू झाली, तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची. पीसीवर ती चालवणाऱ्या एक्सफ्री८६ ला कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंग्जची फाइल, लागायची. मॉनिटरचं मॅन्युअल शोधून आडव्या-उभ्या सिंकच्या (चित्र किती वेगाने रेखाटलं जातं त्याच्या) मर्यादा त्यात हाताने भरायच्या. आकडा चुकला तर सीआरटी (काचेच्या नळीचा मॉनिटर) खराब होईल अशी तंबीही असे, आणि जुन्या मॉनिटरांच्या बाबतीत ती पोकळ नव्हती.

१९९४ मध्ये ‘वेसा’ या डिस्प्लेची मानकं ठरवणाऱ्या संघटनेने डीडीसी (मॉनिटरने माहिती कळवायची वाट) आणि ईडीआयडी (त्या माहितीचा साचा) ही मानकं आणली. आता मॉनिटरच १२८ बाइट्समध्ये आपली माहिती कळवू लागला. मॉनिटरच्या जुन्या व्हीजीए केबलमध्ये ती १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून जाते. स्वस्त केबलमध्ये किंवा केव्हीएम स्विचमध्ये (एकच मॉनिटर-कीबोर्ड अनेक संगणकांना जोडणाऱ्या पेटीत) या पिना जोडलेल्याच नसतील तर चित्र दिसतं, माहिती मात्र पोचत नाही. मग लिनक्स जपून कमी रिझोल्यूशन धरतं. म्हणून टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडण्याआधी केबल बदलून बघावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

माहिती पोचली तरी गंमत आहेच. ईडीआयडीच्या ‘स्टँडर्ड टायमिंग’ या, रिझोल्यूशन थोडक्यात लिहायच्या नोंदींत रुंदी आठाच्या पटीतच लिहिता येते. १३६६ या रुंदीला आठाने भाग जात नाही, म्हणून यादीत कधी कधी १३६० दिसतं. मोडचे (रिझोल्यूशन आणि चित्र ताजं होण्याचा वेग यांचे) आकडे काढून देणाऱ्या ‘सीव्हीटी’ कमांडला १३६६ मागा, ती १३६८ देते.

२००७ च्या सुमारास एक्सफ्री८६ चा वारसदार एक्सॉर्ग कॉन्फिग फाइलीवाचून चालू लागलं आणि ‘एक्सरँडआर’ कमांडने चालू सत्रातच नवा मोड जोडता येऊ लागला. २००९ मध्ये, कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.२९ पासून, मोड ठरवण्याचं काम कर्नलकडे सरकायला लागलं. सुरुवात इंटेलच्या चिपांपासून. इथेच ‘नोमोडसेट’ आलं, म्हणजे कर्नलने मोड ठरवू नये असं सांगणारा बूटचा पर्याय. इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी पडली तर ते लावायचं. पण ते ग्रबमध्ये (संगणक सुरू होताना लिनक्स चढवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तसंच राहिलं तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर चढतच नाही, आणि लोक सेटिंग्ज चाळत बसतात.

एक्सच्या जागी आलेल्या वेलँडच्या सत्रात एक्सरँडआरने मोड जोडता येत नाही. तिथे कर्नलच्या बूट ओळीत मोड लिहावा, किंवा पर्याय असेल तर लॉगिन करताना एक्सॉर्गचं सत्र निवडावं.