चित्र स्पष्ट दिसतंय म्हणजे पॅरॅलॅक्स गेला, असं नाही

गेल्या रविवारी मुळशीला, मित्राच्या शेतावर, एका मुलानं नवी एअर रायफल माझ्यापुढे ठेवली. वर रायफलीसोबतच आलेला ४×३२ स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण. "काका, स्कोप खराब निघाला. झीरो टिकतच नाही." झीरो म्हणजे नेम जिथे, छर्रा तिथेच पडावा अशी जुळणी. टेबल, वाळूच्या पिशव्या, १० मीटर अंतर, वारा शून्य, आणि तरी लक्ष्याच्या कार्डावर छर्रे अंगणात ज्वारी फेकल्यासारखे. मी विचारलं, पॅरॅलॅक्स बघितलास का? "हो, फोकस एकदम क्लिअर आहे."

हे उत्तर ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. फोकस आणि पॅरॅलॅक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोकस म्हणजे चित्र स्पष्ट दिसणं; पॅरॅलॅक्स म्हणजे डोळा सरकला की नेमाची फुली लक्ष्यावरून सरकलेली दिसणं. स्कोपच्या निम्म्या तक्रारी या एका घोळातून येतात, असं माझं मत आहे.

रायफल रिकामी असल्याची खात्री केली, ती पिशव्यांवर नीट टेकवली आणि त्याला सांगितलं, हात लावू नकोस, फक्त डोकं हळूहळू वर-खाली कर. रायफल जागची हलली नाही, पण आतली फुली कार्डाच्या काळ्या वर्तुळात जवळजवळ या काठापासून त्या काठापर्यंत फिरून आली. चित्र मात्र सगळा वेळ ठीकठाक दिसत होतं.

४ म्हणजे किती पट आणि ३२ म्हणजे पुढची काच किती मिलिमीटर, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ते सोडून देतो.

डोळ्याजवळची, आयपीसची रिंग तुमच्या डोळ्यासाठी असते, लक्ष्याशी तिचा काही संबंध नाही. तिचं काम एवढंच, की फुली तुम्हाला काळीभोर, रेखीव दिसावी. ती लावताना स्कोप चुन्याच्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आकाशाकडे धरायचा (सूर्याकडे चुकूनही नाही). डोळा मिटायचा, उघडायचा, आणि पहिल्या क्षणी फुली कशी दिसली तेवढंच धरायचं. तीन सेकंद टक लावून बघितलंत तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि तुम्हाला फसवतो. तरुण डोळे तर हमखास. एकदा जमली की मार्करनं खूण करा आणि चष्म्याचा नंबर बदलेपर्यंत तिला विसरा. या रिंगेला डायॉप्टर म्हणतात. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धा खेळणारे मात्र त्यांच्या बारीक भोकाच्या मागच्या साइटलाही डायॉप्टरच म्हणतात, त्यामुळे पुण्याच्या बालेवाडी रेंजवर शिकलेली मुलं स्कोप घेताना आणखी गोंधळतात. त्या स्पर्धांत दुर्बिणीला परवानगीच नाही. स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं) कांस्य मिळवलं तेही दुर्बिणीशिवाय.

आता खरा मुद्दा. पुढची काच लक्ष्याचं चित्र नळीच्या आत तयार करते. लक्ष्य जवळ आलं की ते चित्र किंचित मागे सरकतं. फुली मात्र एका जागी ठोकलेली असते. चित्र आणि फुली एकाच प्रतलात असतील तर डोळा कुठेही न्या, फुली हलणार नाही. नसतील तर डोळा सरकला की फुलीही लक्ष्यावरून सरकणार. बारावीच्या प्रॅक्टिकलला ऑप्टिकल बेंचवर टाचण्या लावून, मान डावी-उजवी हलवत, प्रतिमा आणि टाचणी सोबत हलतात का हे बघायचो ना? तेच. किंवा काट्याचा स्पीडोमीटर आठवा: चालवणाऱ्याला साठ दिसतात आणि डावीकडच्या सीटवरून बायकोला सत्तर. आकडे दोघांनाही स्पष्टच दिसत असतात.

हे अंतर जुळवणारी रिंग पुढच्या काचेभोवती असते, तिला ए.ओ. (ॲडजस्टेबल ऑब्जेक्टिव्ह) म्हणतात. महाग स्कोपमध्ये तिच्याऐवजी बाजूला चाक असतं. ती फिरवली की चित्रही स्पष्ट होतं, आणि घोळ इथेच होतो. विकणाराही तिला बिनधास्त 'फोकस रिंग' म्हणतो. आयपीस चुकीचं लावलेलं असेल तर चित्र सर्वांत स्पष्ट होण्याची जागा आणि पॅरॅलॅक्स जाण्याची जागा वेगवेगळ्या पडतात. म्हणून आधी आयपीस, मग पुढची रिंग, आणि शेवटी डोकं हलवून परीक्षा. स्पष्टपणा एक सांगतोय आणि डोकं दुसरंच, असं झालं तर डोक्याचं ऐका. रिंगेवर छापलेले यार्डांचे आकडे स्वस्त स्कोपमध्ये अंदाजपंचे असतात.

ज्या स्कोपला ही रिंग नसते, त्याचं अंतर कारखान्यात ठरवून टाकलेलं असतं: रिमफायरचा (.२२ सारख्या छोट्या काडतुसाच्या रायफलीचा) असेल तर बहुधा ५० यार्ड, मोठ्या रायफलीचा असेल तर बहुधा १००. १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर बांधलेला ३२ मिलिमीटरचा स्कोप १० मीटरवर वापरलात, तर डोळा पार कडेला असताना चूक साधारण १४ मिलिमीटर होते. १० मीटरच्या कार्डावर एकेक कडं अडीच मिलिमीटरचं असतं, म्हणजे नेम बरोबर धरूनही दहा गुणांच्या जागी पाच. आणि ४×३२ मधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत ८ मिलिमीटर रुंद, तर उन्हात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरची. डोळा बराच भरकटला तरी कडेला काळी सावली दिसत नाही, त्यामुळे चूक होतेय याचा पत्ताच लागत नाही. १०×४० मध्ये झोत ४ मिलिमीटरचाच, तिथे सावली लगेच चुगली करते.

म्हणून माझा सल्ला ठाम आहे. खिशाला परवडणारा आणि कार्डावर नेमबाजीसाठी हवा असेल, तर ६ किंवा १० पटीचा, एकाच पटीचा स्कोप घ्या, आणि पुढच्या रिंगेवरचा सर्वांत लहान आकडा १० यार्ड आहे का ते आधी बघा. त्याच पैशात ३-९×४०, म्हणजे ३ ते ९ पट बदलता येणारा, मिळतो हे मलाही माहीत आहे. त्याला बहुधा ए.ओ. नसते, आणि पट बदलायच्या यंत्रणेत गेलेले पैसे काचेतून वजा झालेले असतात. फुली उजळवणाऱ्या लाल-हिरव्या दिव्यांबद्दल मी काही बोलत नाही. स्प्रिंगची रायफल असेल तर 'एअरगन रेटेड' हे शब्द मात्र शोधा. तिचा झटका मागे आणि पुढे असा दोन्हीकडे बसतो, आणि नुसता मागचाच झटका सोसायला बनवलेले स्कोप त्यात खिळखिळे होतात.

त्या मुलाकडे लगेच दुसऱ्या स्कोपचे पैसे नव्हते. जाड पुठ्ठ्याची चकती कापली, मधोमध १६ मिलिमीटरचं भोक पाडलं आणि पुढच्या काचेवर बसवली. काच निम्मी म्हणजे जास्तीत जास्त चूकही निम्मी, १४ ची ७. चित्र थोडं अंधारलं, पण दुपारच्या उन्हात चाललं. मग गाल दर वेळी लाकडावर एकाच जागी टेकायला लावला. पाच छर्रे सुपारीएवढ्या जागेत पडले, तेव्हा त्यानं स्कोप परत करायचा बेत रद्द केला. चकती आता तो स्कोपच्या झाकणातच ठेवतो.